अडुळशाची पाटी

दिवाळी अंकात अडुळशाचे नाव काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. चकली-करंजीच्या शेजारी कडू पाल्याचे काय काम? पण वाचकहो, फटाक्यांच्या धुराने याच चार दिवसांत निम्मे घर खोकत असते, आणि माजघरातून कोणीतरी वडीलधारे माणूस हमखास ओरडते, "अरे, बांधावरचा अडुळसा आणा रे कोणी!" तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही. शिवाय माझ्या मनात तो गेले चार महिने ठुसठुसतो आहे. एकदा बोलून टाकतो.

त्याचे असे झाले. आषाढात आमच्या शाळेत वनौषधींची बाग लावली. तुळस, कोरफड, गवती चहा, निर्गुडी, आणि मधोमध अडुळसा. उद्घाटनाला एक पाहुणे आले होते. भाषण झकास झाले. बोलता बोलता त्यांनी अडुळशावरचा तो प्रसिद्ध संस्कृत श्लोक खणखणीत आवाजात म्हटला. अडुळसा जगात असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने हातपाय का गाळावेत, अशा आशयाचा तो श्लोक आहे. मग ते म्हणाले, "बाळांनो, इंग्रज टी. बी. टी. बी. म्हणून घाबरत होता, तेव्हा तुमच्या आजीच्या परसात त्याचं औषध उभं होतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी वाजवल्या, आणि खोटे कशाला बोलू, सवयीने मीही वाजवल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर हेडमास्तर म्हणाले, "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे. अडुळशापाशी एक पाटी करा. वर झाडाचं नाव, खाली तो श्लोक." मी मान डोलावली. मी दहावी झालेला, जुन्या भाषेत मॅट्रिक झालेला माणूस. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आणि आज कृष्णाकाठच्या एका शाळेत पोरांच्या हाती कुंचला देतो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पाटी रंगवणे हे माझे कामच. पत्रा आणला, पांढरा रंग दिला, पट्टीने रेघा आखल्या. आणि कुंचला हातात धरून तासभर नुसता बसून राहिलो.

अडुळशाशी माझे वैर नाही, हे आधी सांगतो. सातारा-सांगलीच्या मुलखात लहानाचा मोठा झालेल्या कोणाचेही नसेल. वाईपासून खाली कराड, पलूस, तासगावपर्यंत कुठल्याही बांधावर, विहिरीच्या काठावर, पडक्या वाड्याच्या कुंपणात हे झुडूप सापडते. पुरुषभर उंच होते, दाट वाढते. पाने लांब, भाल्याच्या पात्यासारखी. फूल पांढरे, दोन ओठांचे, आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना हे फूल मुद्दाम काढायला लावतो. उघडलेल्या जबड्यासारखे दिसते म्हणून संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात. वासा, वृष, अटरूषक ही त्याचीच आणखी नावे. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याची नोंद करताना 'अधातोडा' हे दक्षिणेतले नाव उचलले. त्या तमिळ नावाचा अर्थ, ज्याला शेळी तोंड लावत नाही ते. आमच्या शेतकऱ्याने ते केव्हाच ओळखले होते. जनावर खात नाही म्हणून तर तो कुंपणाला लावायचा! फळे बांधताना पाला घालायचा, कीड लागत नाही. भातखाचरात खत म्हणून तुडवायचा. इतके बिनतक्रार झाड दुसरे दाखवा.

आणि घरातला उपयोग तर काय सांगावा! ताजी पाने नुसती ठेचली तर थेंबभर रस निघत नाही. ती तव्यावर गरम करायची, नाहीतर केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्याच्या राखेत पुरायची, मग पाट्यावर वाटून फडक्यातून पिळायची. हिरवागार, कडूजार रस. त्यात मध. चमचाभर पोटात गेला की छातीतला चिकटून बसलेला कफ सुटतो. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या छातीने अनुभवलेले सांगतो.

पण ह्याच रसाने माझी काकू गेली.

नाही, वाक्य नीट लिहिले पाहिजे. रसाने गेली नाही. रसावरच्या श्रद्धेने गेली. १९९४ सालची गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो. काका साखर कारखान्यावर होते, आई-वडील शेतात. मला सांभाळले ते काकूने. ज्येष्ठात तिला खोकला लागला. आजीने अडुळसा सुरू केला आणि पाला आणण्याचे काम माझ्याकडे आले. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी ओढ्याच्या कडेने मूठभर पाने तोडून आणी. दोन दिवसांत काकूला बरे वाटे, आठवड्याने पुन्हा खोकला. पुन्हा रस, पुन्हा आराम. संध्याकाळचा कणकण ताप येई, त्याकडे कोणी पाहिले नाही. बायकांना दमल्यावर कणकण यायचीच, अशी घराची समजूत. काकू वाळत चालली होती. मी म्हणे, "काकू, तू भाकरी का खात नाहीस?" ती म्हणे, "अरं, कडू रसानं तोंडाची चवच गेलीया बघ."

श्रावणात शेजारच्या गावचे एक वैद्य आले. नाडी पाहिली आणि हाच श्लोक म्हणून दाखवला. हाच! आजीने हात जोडले. भाद्रपदात थुंकीत रक्त दिसले, तेव्हाही घर हादरले नाही, कारण श्लोकात रक्तपित्ताचे नाव होतेच. सारे कसे श्लोकाबरहुकूम चालले होते. दसऱ्याच्या आधी काकांनी तिला मिरजेला नेले. फोटो काढला. दोन्ही फुप्फुसे चाळणीसारखी झाली होती. डॉक्टर एवढेच म्हणाले, "चार महिने कुठं होता?" गोळ्या सुरू झाल्या, पण काकू दिवाळी पाहू शकली नाही. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या मुलीला तोच रोग निघाला. तिला पहिल्याच महिन्यात गोळ्या मिळाल्या, तिने त्या शेवटपर्यंत घेतल्या. आज ती विट्याला नांदते आहे, तिचा मुलगा कॉलेजात आहे. दोघी एकाच घरातल्या, दोघींना एकच रोग. आणि पाला आणणारा मी.

तेव्हा पाहुण्यांच्या त्या श्लोकाला टाळी देऊन घरी आलेला माणूस पाटीपुढे का अडला, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

अडुळशाच्या गुणाविषयी मला शंका नाही. त्याच्या गुणामुळेच तर घोटाळा होतो! तो खोकला हलका करतो. आणि क्षयाच्या रोग्याचा खोकला ही घराला आलेली नोटीस असते. सावकाराची नोटीस आली आणि तुम्ही ती दिव्यावर जाळून टाकली, तर मनाला बरे वाटेल. कर्ज काही फिटणार नाही. अडुळसा निरुपयोगी असता तर काकूला आराम पडला नसता, आणि आराम पडला नसता तर आषाढातच तिला मिरजेला नेले असते. गुणकारी औषध चुकीच्या रोगावर बसवले की ते निर्गुणापेक्षा घातक ठरते, ते असे.

कोणी म्हणेल, पूर्वजांचे वचन खोटे कसे ठरवता? मी ठरवत नाही, इतिहास ठरवतो. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले. वय अवघे सत्तावीस. पेशव्यांच्या पदरी वैद्यांची वाण होती, की त्यांच्या राज्यात अडुळशाची? मराठी राज्याचा धनी, जगावे अशी अवघ्या महाराष्ट्राची इच्छा, आणि बांधाबांधावर अडुळसा उभा! आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत आल्या आणि १८८७ साली एकविसाव्या वर्षी त्याच रोगाने गेल्या. त्याला दोष कोणाला द्यायचा? कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिल्याला जेमतेम पाच वर्षे झाली होती; औषध तर जगातल्या कोणाजवळच नव्हते. ज्या काळी साऱ्यांचेच हात रिकामे होते, त्या काळी कोणा कनवाळू वैद्याने रोग्याला धीर देण्यासाठी असा श्लोक रचला असेल, तर मी त्याला नमस्कार करीन. धीर देणे हेही वैद्याचे कामच. शिवाय तो गृहस्थ हुशार होता. जगण्याची आशा असेल तर, अशी एक अट त्याने श्लोकातच घालून ठेवली आहे. आमचे वक्ते तेवढी अट भाषणात गिळतात.

आता विद्वानांचा दुसरा आक्षेप. शास्त्रातला क्षय निराळा, त्याचा अर्थ व्यापक, आजच्या टी. बी.शी त्याची सांगड घालणे चूक. मान्य! पण महाराज, मग हे शाळेच्या मैदानावर, ध्वनिक्षेपकापुढे का सांगत नाही? तिथे तर 'टी. बी.चं औषध आजीच्या परसात' म्हणून टाळ्या घेता, आणि कोणी अडवले की शब्दकोश उघडता.

कायद्याने तरी हे ओळखले आहे. जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे क्षय बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. छापील जाहिरात करणाऱ्याला धाक आहे. व्यासपीठावरून श्लोक म्हणणाऱ्याला आणि तोच श्लोक पहाटे पहाटे मोबाईलवरून शंभर जणांना ढकलणाऱ्याला कोणाचा आहे?

मला खरा राग याचा येतो, की अभिमान बाळगण्यासारखे खरे काही असताना आपण खोट्याला कवटाळतो. अडुळशाच्या पानातले मुख्य द्रव्य हूपर नावाच्या रसायनज्ञाने १८८८ च्या सुमारास वेगळे काढले. वासा या आपल्या नावावरूनच ते वासिसीन म्हणून ओळखले जाते. पुढे विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेचा धागा धरून ब्रोमहेक्झिन बनवले, आणि त्यावरून पुढे ॲम्ब्रोक्सॉल आले. घरातली खोकल्याची बाटली हातात घ्या आणि चष्मा लावून बारीक अक्षरे वाचा. या दोहोंपैकी एक नाव पुष्कळदा सापडेल. अडुळसा साऱ्या जगाच्या छातीत जाऊन बसला आहे! एवढेच नव्हे, तर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ही दोन्ही द्रव्ये क्षयाच्या जंतूची वाढ काचनळीत रोखतात, असेही दिसले. मी हे लपवून ठेवत नाही. पण काचनळी म्हणजे माणसाचे फुप्फुस नव्हे. काचनळीतल्या जंतूला तर पुष्कळ गोष्टी मारतात. क्षय बरा करण्याची कसोटी निराळी आणि फार कठीण आहे.

ती कसोटी कशी असते, हे आपल्याच देशात पाहायला मिळते. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरचे पहिले प्रभावी औषध १९४३ साली सापडले. आधी रोगी झपाट्याने सुधारले. पण काही महिन्यांनी पुष्कळांचा रोग उलटला, कारण जंतू औषधाला सरावले. डॉक्टरांनी ते मान्य केले, छापले, आणि एकाच्या जागी दोन-तीन औषधे एकत्र देण्याची रीत बसवली. मग प्रश्न आला, गोरगरिबाने आरोग्यधामात वर्ष वर्ष राहायचे कसे? तेव्हा मद्रासच्या केंद्रात रोग्यांचे दोन गट केले; एकाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच्या झोपडीत ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: झोपडीतला रोगीही तितकाच बरा होतो. साऱ्या जगाने आपली पद्धत त्यावरून बदलली. हा खरा भारतीय विजय! त्यावर कोणी श्लोक रचला नाही, म्हणून शाळेत तो कोणी सांगत नाही.

आणि "निसर्गातलं ते निर्धोक" हा जो मंत्र झाला आहे, त्याचेही एकदा बारसे करून टाकू. स्ट्रेप्टोमायसीन कारखान्याच्या धुरांड्यातून पडले नाही. मातीतल्या सूक्ष्म जंतूपासून निघाले. रिफाम्पिसीन हे आजच्या उपचारातले महत्त्वाचे औषधही मातीतल्याच जंतूपासून आलेले. निसर्गाची लेकरेच ती. तरी पहिले काही रोग्यांना बहिरे करते आणि दुसऱ्यासाठी यकृताकडे लक्ष ठेवावे लागते. मग अडुळसाच तेवढा निष्पाप कसा? जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने वासिसीनचा अभ्यास केला, तेव्हा ते गर्भाशयाचे आकुंचन घडवते असे आढळले. गरोदर सुनेला प्रेमाने अडुळशाचा काढा पाजणाऱ्या सासूबाईंनी एवढी ओळ दोनदा वाचावी. घरात दिवस गेलेली बाई असेल तर हा रस तिच्यासाठी नाही.

डॉक्टरी बाटल्यांची बाजू घेऊन मी उभा आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रोगी दगावले. २०२५ साली मध्य प्रदेशात तशाच भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने वीसाहून अधिक मुले गेली. लेबल इंग्रजी असले म्हणून बाटली पवित्र होत नाही. पाल्याला आणि बाटलीला मी एकच प्रश्न विचारतो, तपासले आहे का?

आमच्या सांगलीला तर हे शिकवायची गरज पडू नये. हळदीने जखम भरते, या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करून घेतले. कशाच्या जोरावर? छाती ठोकून नव्हे. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय शोधनिबंध असे लेखी पुरावे समोर ठेवून! सांगलीच्या पेठेत हळदीची पोती मोजणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट अभिमानाने सांगावी. पण सांगताना पुराव्याचा भाग गाळू नये. साताऱ्यात वैद्यकीच्या एका जुन्या विद्यालयाचे नाव आर्यांग्ल आहे. आर्य आणि आंग्ल, दोन्ही एका नावात. ज्यांनी ते ठेवले त्यांना दोहोंपैकी एकालाच आई म्हणण्याची सक्ती वाटली नसावी.

आज परिस्थिती अशी आहे. देशातून क्षय हटवण्यासाठी २०२५ हे साल ठरवले होते. पण जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अजून आपल्याच देशात आहे. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. जंतू ओळखणारे ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. स्वदेशीची हौस असेल तर घ्या, हे स्वदेशी! साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, औषधे फुकट. खाण्यापिण्यासाठी २०१८ पासून रोग्याला महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून त्याचे १,००० झाले. अडसर आहे तो पहिल्या पावलाचा. तपासणीपर्यंत माणूस पोहोचायला उशीर करतो, आणि त्या उशिराच्या काळात घरातल्या मुलाबाळांना रोग वाटत राहतो.

गेल्या वर्षी आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या वहीवर सारखे तपकिरी डाग दिसत. विचारले तर म्हणाली, "पप्पांसाठी पाला वाटते, सर." माझ्या हातातला खडू खाली पडला. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. गवंडीकाम करणारा माणूस. दीड महिना खोकत होता. म्हणाला, "सर, रसानं उतार हाय की." मी वाद घातला नाही. म्हटले, "रस घ्या. पण उद्या माझ्याबरोबर तालुक्याला चला, थुंकी देऊन येऊ." आला. क्षय निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरा झाला, आता पुन्हा पराती चढतो. गोळ्या चालू असताना अडुळसाही घेतला त्याने, डॉक्टरांना विचारून. त्यांनी हरकत घेतली नाही.

तर पाटी. शेवटी ती मी रंगवली. वर मोठ्या अक्षरांत 'अडुळसा', खाली वासा, सिंहास्य ही नावे, बाजूला जांभळ्या रेघांचे फूल. त्याखाली लिहिले: कफ सुटण्यास उपयोगी. गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. खोकला दोन आठवड्यांवर गेल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी; तपासणी व औषध मोफत.

हेडमास्तरांनी चष्मा वर करून दोनदा वाचले.

"सर, श्लोक राहिला."

"जागा उरली नाही," मी म्हटले.

त्यांनी पाटीच्या तळाशी उरलेल्या चार बोटे पांढऱ्या पत्र्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि शिपायाला म्हणाले, "खिळे आण रे."